'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे अमेरिकेतल्या आपल्या मुलींना सांगणं थांबवूया

दुभाषी_ताई

मी न्यू जर्सीत कोर्टांमध्ये मराठी-हिंदी दुभाषी म्हणून काम करते. अकरा वर्षं झाली. मी वकील नाही, त्यामुळे इथे लिहिते आहे ती माहिती समजा, सल्ला नव्हे. आमच्यावर गुप्ततेचं बंधन असतं, म्हणून खालच्या प्रसंगातले तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.

सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर आलेली, तीन वर्षांचा मुलगा. नवऱ्याविरुद्ध रिस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे त्याने तिच्यापासून दूर राहावं असा कोर्टाचा आदेश, मागायला आली होती. खिडकीवरच्या माणसाने 'इंडियन?' असं विचारून भाषेच्या रकान्यात 'हिंदी' भरलं. तीही काही बोलली नाही, हिंदी येतंच की! पण घाबरलं की माणूस आईच्या भाषेत जातो. फोनवरच्या हिंदी दुभाष्याला ती म्हणाली, 'त्यांनी माझा गळा धरला.' इंग्रजीत गेलं ते 'मानेला हात लावला' असं काहीतरी. 'अंगावर हात टाकला' याचंही तेच झालं. हात टाकला म्हणजे मारलं, की आणखी काही, हे तिला कोणी विचारलंच नाही.

पुढच्या तारखेला मला बोलावलं. जजनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. किती वेळ धरला होता? तिने स्वतःचा उजवा हात गळ्याशी नेला, थोडा विचार केला आणि म्हणाली, 'कुकरची शिट्टी सुरू झाली होती, ती संपेपर्यंत.' मी शब्दाला शब्द सांगितलं. जजनी लिहिणं थांबवलं. मग विचारलं, 'श्वास घेता येत होता का?' ती म्हणाली, 'नाही.'

हा प्रश्न आणि हे उत्तर निकालपत्रात आलं. पुढे तिच्या वकिलाने इमिग्रेशनचे कागद केले, तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याच ओळींचा.

मला सांगायचंय ते एवढंच. इथला राज्याच्या कोर्टातला जज कोणाला व्हिसा देऊ शकत नाही, तो अधिकार केंद्र सरकारचा. पण जजने काय लिहिलं, कोणत्या कागदावर सही केली, मुलाबद्दल कोणता निष्कर्ष नोंदवला, यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्या मुली मात्र आधी इमिग्रेशनला घाबरतात आणि कोर्टात येतच नाहीत. घरून फोनवर सांगितलेलं असतं, 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.' ती म्हण जमिनीच्या वादापायी पिढ्या घालवलेल्या माणसांची आहे. जिचा गळा धरला जातो तिच्यासाठी ती नाही.

रिस्ट्रेनिंग ऑर्डर मागायला नागरिक असावं लागत नाही, ग्रीन कार्ड लागत नाही. व्हिसा संपलेला असला तरी चालतं. न्यू जर्सीत फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही. कोर्ट बंद असेल तर रात्री पोलिसांमार्फत तात्पुरती ऑर्डर मिळते, आणि पक्क्या ऑर्डरची सुनावणी १० दिवसांच्या आत ठेवतात. पक्की ऑर्डर इथे मुदतीची नसते, कोर्टाने रद्द करेपर्यंत चालते. दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तरी ती तिथे लागू होते. त्याच अर्जात मुलाचा तात्पुरता ताबा आणि खर्च मागता येतो, नवऱ्याने घर सोडावं असंही मागता येतं. आपल्या बायका यातलं काहीच मागत नाहीत. 'त्यांनी फक्त मारू नये' एवढंच म्हणतात.

आणि दुभाषी फुकट मिळतो. हे हक्काने मागा. भाषा मराठी असेल तर मराठी सांगा.

ज्यांना आणखी माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

---

एडिसनची_माहेरवाशीण

ताई, वाचताना हात थरथरले. पण एक खरी भीती आहे ती बोलू दे. नवरा एच-१ या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ वर. तिने तक्रार केली, त्याची नोकरी गेली, की दोघांचाही व्हिसा गेला. मग ती मुलाला घेऊन कुठे जाणार? सासरचे हेच ऐकवतात, 'तुझं इथलं राहणं त्याच्या जिवावर आहे.'

---

कायद्याचा_कीस (कॅलिफोर्निया)

मी इमिग्रेशनचा वकील आहे. भीती खोटी नाही, त्यामुळे नीट उत्तर देतो.

पहिलं, रिस्ट्रेनिंग ऑर्डर हा दिवाणी उपाय आहे. निव्वळ ती ऑर्डर निघाली म्हणून नवरा हद्दपार होत नाही. ती मोडली तर मात्र होऊ शकतो. म्हणजे दोरी त्याच्याच हातात राहते.

दुसरं, एच-४ बायकोसाठी एक तरतूद आहे आणि ती आपल्या लोकांना जवळजवळ ठाऊकच नाही. एच व्हिसावरच्या जोडीदाराने छळ केला असेल तर छळ झालेल्या जोडीदाराला स्वतःचं वर्क परमिट मागता येतं. कायद्यात हे २००५ पासून आहे, प्रत्यक्ष अर्ज २०१७ पासून घ्यायला लागले. फॉर्मचं नाव आय-७६५व्ही. पण त्याने काम करता येतं, इथे राहण्याचा कायमचा हक्क मिळत नाही. घटस्फोट झाला की एच-४ संपतो. त्यामुळे घटस्फोटाच्या कागदांवर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. या क्रमाने चुकलेल्या बायका माझ्याकडे दरवर्षी येतात आणि तेव्हा हातात फार कमी उरलेलं असतं.

तिसरं, नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर १९९४ च्या 'व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट'खाली ती स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते. त्याची सही लागत नाही, त्याला कळवलंही जात नाही. नावात बायका आहेत, पण पुरुषांनाही लागू आहे. आणि नागरिक असलेल्या मुलाने वा मुलीने छळलेल्या आईवडिलांनाही. हे शेवटचं मुद्दाम लिहितोय. नातवंडं सांभाळायला बोलावून पासपोर्ट काढून घेतलेल्या आजी मी पाहिल्या आहेत.

चौथा, यू व्हिसा. हा २००० साली आला. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, पाठलाग, वेठबिगारी अशा ठरावीक गुन्ह्यांना बळी पडलेल्या आणि तपासाला मदत करणाऱ्या माणसाला तो मिळू शकतो, त्याचा स्वतःचा व्हिसा कोणताही असो, नाहीतर नसोच. अर्जासोबत 'सप्लिमेंट बी' हा सही केलेला दाखला लागतोच. लोकांना वाटतं तो फक्त पोलीस देतात. कायद्यात जजचं नाव स्पष्ट आहे! जज, सरकारी वकील, बालसंरक्षण खातं, कामगार खातं, यांपैकी कोणीही सही करू शकतं. जज सही करतो म्हणजे व्हिसा देतो असं नव्हे. ही व्यक्ती या गुन्ह्याची बळी आहे आणि तिने मदत केली, एवढंच तो सांगतो. हे कळत नसल्यामुळे काही जज सही टाळायचे, अजूनही काही टाळतात. कॅलिफोर्नियात कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सही झाल्यापासून ६ महिन्यांत अर्ज पोचला पाहिजे, नाहीतर दाखला वाया.

आता वाईट बातमी. वर्षाला १०,००० च यू व्हिसा मिळतात आणि रांग अनेक वर्षांची आहे. २०२१ पासून प्राथमिक छाननीत अर्ज खरा वाटला तर मधल्या काळासाठी वर्क परमिट देण्याची सोय झाली. एवढ्यावरही खूप बायका उभ्या राहिल्या आहेत.

---

अनामिका_७७

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझ्या वेळी पोलीस घरी आले तेव्हा माझं इंग्रजी तुटकं होतं. नवरा फाडफाड बोलत होता, हसतही होता. पोलिसाने माझ्याशी बोलायला माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला पुढे केलं. त्याला विचारलं, 'बाबांनी आईला मारलं का, आईला विचार.' तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'आई म्हणते नाही.' मी तोंड उघडलंच नव्हतं.

त्या रात्री त्याला ताप भरला. आज तो कॉलेजात आहे आणि अजून म्हणतो की चूक माझी झाली. मी त्याला किती वेळा सांगितलं, बाळा, तुझी काहीच चूक नव्हती.

पुढे एका देशी संस्थेच्या बाईंनी मला कोर्टात नेलं. तिथल्या जजबाईंनी नवऱ्याच्या वकिलाला मध्येच थांबवलं. तो माझ्या व्हिसाबद्दल विचारायला लागला होता. त्या म्हणाल्या, या प्रश्नाचा इथे काही संबंध नाही. बास. एवढं एक वाक्य. मला वाटलं कोणीतरी माझ्या मागे येऊन उभं राहिलं.

---

दुभाषी_ताई

अनामिका, तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून आभार. सगळ्यांनी हे लक्षात ठेवा: मुलाला दुभाषी करू द्यायचं नाही. पोलिसांना 'इंटरप्रिटर, मराठी' हे दोन शब्द सांगा आणि गप्प बसा. त्यांच्याकडे फोनवरची सोय असते.

---

कायद्याचा_कीस

व्हिसाच्या प्रश्नाबद्दल: कॅलिफोर्नियात २०१८ पासून कायदाच आहे की जजने आधी बंद दाराआड ठरवल्याशिवाय कोणाचं इमिग्रेशन स्टेटस उघड्या कोर्टात काढता येत नाही. वॉशिंग्टन राज्याचाही तसा नियम आहे. इतर ठिकाणी वकिलाने हरकत घ्यावी लागते, आणि जज जागा असावा लागतो.

---

सिएटलकर_बाळ्या

हे सगळं ठीक, पण कोर्टातच इमिग्रेशनवाले पकडतात त्याचं काय? २०१७ मध्ये एल पासोच्या कोर्टात संरक्षण मागायला आलेल्या बाईलाच पकडलं होतं. आता तर पुन्हा सुरू झालंय. मी कोणाला सांगू की जा म्हणून?

---

कायद्याचा_कीस

बरोबर आहे. त्या वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या मुख्य न्यायमूर्ती तानी कँटिल-साकाउये यांनी केंद्र सरकारला पत्र लिहून कोर्टांत अशी पाळत ठेवू नका असं सांगितलं होतं. न्यूयॉर्कने २०२० मध्ये कायदा केला की जजच्या वॉरंटशिवाय राज्याच्या कोर्टात येता-जाताना दिवाणी (म्हणजे इमिग्रेशनसारखी) अटक करता येणार नाही. केंद्राने २०२१ मध्ये स्वतःवर मर्यादा घातली होती, जानेवारी २०२५ मध्ये ती काढून टाकली. त्यामुळे धोका नाही असं मी म्हणणार नाही.

पण दोन गोष्टी आहेत. केंद्राचाच कायदा सांगतो की छळ करणाऱ्याने एकट्याने पुरवलेल्या माहितीवरून बळी पडलेल्या व्यक्तीविरुद्ध निर्णय घेता येत नाही. आणि तिने केलेल्या अर्जाची माहिती फोडता येत नाही. 'मी फोन करून तुला डिपोर्ट करवीन' या धमकीला उत्तर आहे ते हे. दुसरं, जिचं स्टेटस संपलंय तिने जाण्याआधी वकिलाला विचारावं, आणि व्हिडिओवर हजर राहू द्या असा अर्ज कोर्टाला करावा. करोनानंतर बऱ्याच कोर्टांत ही सोय राहिली आहे. ज्या जजला आपल्या दालनाबाहेरची भीती कळते, तो ही परवानगी देतो.

---

बे_एरियातली_मावशी

मी मुलांसोबत काम करते म्हणून मुलांचं लिहिते. आईबरोबरची मुलं निदान आईबरोबर असतात. जी एकटी येतात, किंवा ज्यांना काका-मामाकडे सोडून दिलेलं असतं, त्यांचं काय? इमिग्रेशन कोर्टात सरकार मुलालाही वकील देत नाही. पाच वर्षांचं मूल असलं तरी नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला विश्वास बसला नव्हता.

त्या मुलांसाठी 'स्पेशल इमिग्रंट ज्युवेनाइल' ही वाट १९९० पासून आहे. आणि ती सुरू होते राज्याच्या साध्या फॅमिली कोर्टातून. तिथल्या जजने नोंदवायचं की मूल कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात आहे, छळ, हेळसांड किंवा सोडून दिल्यामुळे आई किंवा वडील (२००८ पासून दोघांपैकी एक पुरे) यांच्याकडे परत जाणं शक्य नाही, आणि मायदेशी पाठवणं मुलाच्या हिताचं नाही. हे निष्कर्ष हातात असले तरच पुढचा अर्ज होतो, तोही २१ वर्षांच्या आत आणि लग्न झालेलं नसताना. कित्येक राज्यांत फॅमिली कोर्टाचं दार १८ ला बंद होतं. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात पालक नेमण्यासाठी ते २१ पर्यंत उघडं ठेवलंय. वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात सुनावणी मिळावी म्हणून कारकुनांच्या विनवण्या केल्या आहेत मी.

यातला एक महत्त्वाचा निकाल भारतातल्याच मुलाचा आहे. न्यू जर्सी सुप्रीम कोर्ट, २०१५, नावांऐवजी आद्याक्षरं: एच.एस.पी. विरुद्ध जे.के. वडिलांनी सोडलेलं, आई आजारी, शाळा सोडून बांधकामावर राबलेलं पोरगं, इथे मामाकाकांपैकी एकाने ताबा मागितला. खालच्या कोर्टांनी हवे ते निष्कर्ष दिले नाहीत. अपील कोर्टाने तर भारतात त्या वयात काम करणं बेकायदा होतं का, तेही पाहिलं. सुप्रीम कोर्टाने ते बाजूला सारलं. फॅमिली कोर्टाने न्यू जर्सीचा कायदा लावून प्रत्येक पालकाबद्दल वेगळा निष्कर्ष नोंदवायचा. मुलाला कागद मिळावेत की नाहीत, हे ठरवणं त्याचं काम नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. जज जेव्हा 'हा ग्रीन कार्डासाठीच आलाय' अशा संशयाने बघायला लागतो, तेव्हा समोरचं मूल त्याला दिसेनासं होतं.

एक सांगायला हवं. या वाटेने कागद मिळालेलं मूल पुढे कधीही आपल्या आईवडिलांना त्या आधारावर बोलावू शकत नाही. न छळणाऱ्या आईलासुद्धा नाही. म्हणून आईही बळी असेल तर आधी यू व्हिसाचा विचार करा. तिथे २१ च्या आतलं मूल मुख्य अर्जदार असेल तर आईवडिलांनाही सोबत घेता येतं.

आणि आमच्या बर्कलीतलं विसरू नका. १९९९ मध्ये आंध्रातून आणलेली एक मुलगी एका फ्लॅटमध्ये विषारी वायूने गेली. अशा आणलेल्या मुली शाळेत का जात नाहीत, हा प्रश्न विचारला तो बर्कली हायच्या शाळकरी वार्ताहरांनी. त्यातून घरमालकाने चालवलेली सगळी गुलामगिरी बाहेर आली, २००१ मध्ये त्याला आठ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. आजूबाजूला देशी माणसं कमी नव्हती.

---

सदाशिव_पेठी_आजोबा

मी पुण्याहून लिहीत आहे. माझी लेक पाच वर्षांच्या नातीला घेऊन तिकडून परत आली आहे. जावयाने तिकडच्या कोर्टातून आदेश आणला आहे की मुलीला परत आणा. आम्ही काय करावे?

---

कायद्याचा_कीस

आजोबा, पुण्यातल्या चांगल्या वकिलाला आजच भेटा, नोटीस दुर्लक्षू नका. मुलांच्या अपहरणाबाबतचा १९८० चा हेग करार अमेरिकेला बांधतो, भारत त्यात नाही. त्यामुळे नात आपोआप परत पाठवली जाणार नाही. आपलं सुप्रीम कोर्ट मुलाचं हित आधी पाहतं, २०१७ च्या नित्या आनंद राघवन निकालात ते ठासून सांगितलंय. पण परदेशी आदेश म्हणजे नुसता कागदाचा कपटा असंही नाही, तो विचारात घेतला जातो. आणि लेकीला तिकडे परत जायचं असेल तर तिच्यावर मुलीला पळवल्याचा आरोप येऊ शकतो. तिकडे छळ झाला असेल तर पोलिसांचा रिपोर्ट, डॉक्टरांचे कागद, मैत्रिणींना केलेले मेसेज, सगळं गोळा करा.

जावयाने तिकडे घटस्फोट घेतला तर १९९१ चा वाय. नरसिंह राव निकाल वकिलांना दाखवा. लेक तिथल्या कोर्टाला स्वतःहून सामोरी गेली नसेल तर तो घटस्फोट भारतात सहसा मान्य होत नाही.

जे अजून तिकडेच आहेत त्यांच्यासाठी: विमानात बसण्याआधी कोर्टाकडून ताब्याची ऑर्डर घ्या. ती मिळते. उलट तुमच्याच मुलाला कोणी उचलून नेईल अशी भीती असेल तर पासपोर्ट कोर्टात जमा करण्याचा आदेश मागा आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या पासपोर्ट सूचना योजनेत मुलाचं नाव घाला. मुलासाठी कोणी अर्ज केला की तुम्हाला कळवतात.

---

सदाशिव_पेठी_आजोबा

आभारी आहे. उद्याच जातो. तिला आम्हीच 'जरा सोस' म्हणत होतो.

---

स्पष्टवक्ता_डलास

खोट्या तक्रारीही होतात हे कोणी लिहीत नाहीये. माझ्या मित्राला तीन महिने मुलगी बघू दिली नाही, शेवटी ऑर्डर नाकारली गेली.

---

दुभाषी_ताई

तुमच्या मित्राचं दुःख खरं आहे. म्हणूनच पक्की ऑर्डर दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय होत नाही. मी पुरुषांसाठीही दुभाषी म्हणून उभी राहते, आणि त्यांचाही शब्द तितक्याच काळजीने पोचवते. मधल्या काळात देखरेखीखाली भेटी मागता येतात, आपले पुरुष ते मागतच नाहीत, रागावून निघून जातात. पण मी पाहिलेल्यांमध्ये न आलेल्या बायकाच कितीतरी जास्त आहेत. त्या मला कशा कळतात? पुढे त्यांची बहीण येते. किंवा त्यांची वाढलेली मुलगी.

मदत करणाऱ्या संस्थांची नावं विचारली होती व्यक्तिगत निरोपात: न्यू जर्सीत मानवी (१९८५ पासून), न्यूयॉर्कला सखी, बे एरियात मैत्री आणि नारिका, शिकागोला अपना घर, ह्यूस्टनला दया, अटलांटाला रक्षा.

---

नवी_शेजारीण

ताई, हा धागा मी गेले दोन तास वाचते आहे. आमच्या वरच्या मजल्यावर एक आहे. आज खाली आली होती, ओढणी गळ्याला गुंडाळून. एवढ्या उकाड्यात. मी काही विचारलं नाही, चहा केला. मग तिनेच ओढणी काढली.

उद्या सकाळी तो ऑफिसला गेला की आम्ही कोर्टात जातोय. बाळ माझ्या आईजवळ ठेवू. बरोबर काय घेऊ?

---

दुभाषी_ताई

तिच्या गळ्याचे फोटो आत्ता काढा, तुमच्या फोनवर, तिच्या नको. आणि गळा दाबला असेल तर कोर्टाच्या आधी इमर्जन्सीत न्या. सूज आतून नंतर चढते, डॉक्टरांनी लिहिलेलं कोर्टातही लागतं. गिळताना दुखतंय का, आवाज बसलाय का, विचारा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर सकाळची वाट बघू नका, ९११ ला फोन करा.

तिचा आणि बाळाचा पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद), बाळाचा जन्मदाखला. सापडले तर घ्या, नाही सापडले तरी जा. त्याच्या ऑफिसचा पत्ता आणि गाडीचा नंबर लिहून घ्या, ऑर्डर बजावायला लागतो. खायला काहीतरी न्या, थांबावं लागतं.

फॉर्मवर भाषेचा रकाना येईल. तिथे तिला स्वतःच्या हाताने 'मराठी' लिहू द्या.